मायनं वाढवलेली वही

अक्काच्या सासऱ्यानं वही आणली तेव्हा ती ठेवायची कुठं हेच आमच्या घरात कुणाला कळेना. देवळीत ठेवावी तर दिव्याचं तेल गळतंय, फडताळात ठेवावी तर उंदीर. शेवटी मायनं ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. लाल खारव्याचं कव्हर, आत पांढरेधोट विलायती ताव, मधोमध दुमडून जाड दोऱ्यानं एकाच शिवणीत शिवलेले. वास तर असा न्यारा, की मी नाक लावलं आणि मायनं माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न आदल्या साली झालं होतं, पण पाठवणी व्हायची होती, म्हणून ती अजून माहेरीच होती. नवरा बिजवर, हैदराबादला कुणा नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यावर, नोकरीला. त्याची पहिली बायको वारली होती. सासर आष्टीकडं, म्हणजे जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. आम्ही धर्मापुरीजवळचे. बैलगाडीनं जायचं तर वाटेत मुक्काम करत जावं लागायचं. आबा आमच्या गावचे पाटील, पण पाटीलकी नावापुरती. तिकडं मोठी देशमुखी. ही सोयरीक जमली तेव्हा आबा मिशीला पीळ देत गावभर हिंडले होते.

अक्काच्या सासऱ्याला मी मनातल्या मनात म्हाताराच म्हणायची. कचेरीत वजन असलेला माणूस. उर्दू फाडफाड वाचायचा, मराठी अक्षराशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. ओसरीवर मांडी घालून, अडकित्त्यानं सुपारी कातरत तो व्याह्यांना, म्हणजे आबांना, म्हणाला, "माझ्या पोराचा हट्ट हाय, इवाई. त्याला तालीम असलेली बायकू पायजे. पयली अंगठेबहाद्दर निघाली. ही वही घ्या, पोरीला शिकवा. भरली की सांगा. मी गाडी घिऊन येतो, तुमी पाठवणी करा."

झालं. वही भरली की अक्का जाणार, असं ठरलं. आबांना तर आभाळ ठेंगणं झालं. चावडीवर येईल त्याला सांगायचे, पाटलाच्या लेकीला सासऱ्यानं वही दिली म्हणून. तेव्हा सरकारी शाळा होती ती उर्दूची, तीही लांब, आणि तीही पोरांची. गावातल्या पोरांना एक म्हातारे पंतोजी देवळाच्या ओवरीत बाळबोध शिकवायचे. तेच दुपारी आमच्या ओसरीवर येऊ लागले. अक्का बोरू धरून बसायची आणि मी तिच्या कोपराला खेटून. मला कुणी शिकवत नव्हतं. पण म्हणून काय कान बंद करून बसायचं? पंतोजी अक्काला काय विचारायचे ते मी आधी सांगून मोकळी व्हायची. मग अक्का चिमटा काढायची, माझ्याही चिमट्याची तयारी असायची.

अक्काला शिकायची लई हौस होती असं नाही, खरं सांगायचं तर. तिला जात्यावर बसायला आवडायचं, शेळ्यांची करडं आवडायची. पण बोरू हातात आला आणि तिचं अक्षर असं उतरलं, गोल, एकासारखं एक, की पंतोजी चष्मा वर करून बघायचे.

मग कासारीण आली. बांगड्या भरायला वर्षातून एकदा यायची ती, आष्टीकडचे बाजार करून. मायच्या हातात बांगडी चढवता चढवता तिनं विचारलं, लेक कुठं दिली? मायनं मोठ्या तोऱ्यात गाव सांगितलं, घर सांगितलं. कासारणीचा हात थांबला. "त्या घरात?" म्हणाली, आणि बांगड्यांची चळत आवरायला लागली. मायनं तिला चहा दिला, गूळ दिला, तेव्हा कुठं ती बोलली. पहिली सून दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. सासू उठता लाथ बसता बुक्की देणारी. घरात दाणागोटा भरपूर, पण सुनेपुढं शिळं, तेही मोजून. आजारी पडली तर औषध नाही, माहेरी निरोप नाही. माहेरचे आले तेव्हा राख सावडून झाली होती. "हाताला बांगडी बी ठरत नव्हती, इचारू नगा," कासारीण म्हणाली. "हाडावर बांगडी खडखड वाजायची."

अक्का उंबऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. मायला ते ठाऊक नव्हतं.

माय आबांशी बोलली. काय बोलली ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही, आबांचं तेवढं ऐकू आलं. "लगीन लागलंय. आता काय, अक्षता गोळा करून परत आणू का?" त्यांचंही खोटं नव्हतं. लग्न झालेली पोर घरात ठेवली तर भावकी तोंडात शेण घालणार, आणि धाकटीला कोण करणार? धाकटी म्हणजे मी. माझ्यासाठीच सगळ्यांना सगळं करावं लागत होतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस माय भाकरी करायची, धारा काढायची, आणि मधेच देव्हाऱ्यातल्या वहीकडं बघत उभी राहायची. मग एके दुपारी आबा चावडीवर गेलेले बघून तिनं वही देव्हाऱ्यातून काढली, मांडीवर घेतली आणि अक्काला विचारलं, "कुठवर लिवलंय?"

अक्कानं दाखवलं. लिहिता लिहिता ती बरोबर मध्यावर आली होती, जिथं शिवणीचा दोरा दिसतो तिथं.

मायला अक्षराचा गंध नव्हता. पण जन्मभर वाकळा शिवलेल्या बाईला शिवण कळायचीच. तिनं पोती शिवायचं दाभण घेतलं, गाठ सोडली, दोरा हलके हलके उसवला. पंतोजींना तूप देऊन तिनं आंब्याहून, म्हणजे अंबाजोगाईहून, तसलेच पांढरे ताव मागवून ठेवले होते. पोरीला सरावाला लागतात म्हणून सांगितलं होतं. ते ताव तिनं मधोमध दुमडले, वहीच्या पोटात घातले, जुन्याच भोकांतून मेण लावलेला दोरा ओवला आणि वही परत शिवून टाकली. बाहेरून बघितलं तर तीच वही. थोडी फुगलेली, इतकंच.

त्यातली गंमत आम्हाला दोन दिवसांनी कळली. दुमडलेल्या तावाचं अर्धं पान शिवणीच्या अलीकडं येतं आणि अर्धं पलीकडं जातं. अक्का अलीकडची पानं भरत मध्यावर यायची, की माय पुन्हा वही उसवून आणखी ताव घालायची. म्हणजे अलीकडं लिहायला नवी पानं, आणि पलीकडचा कोरा गठ्ठा आपोआप आणखी जाड. लिहावं तितकी ती वही शिल्लक राहायची! अक्काच्या ध्यानात हे आलं तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मायही हसली. कासारीण येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. "भर बाई आता," माय म्हणाली. "जलमभर भर."

आणि अक्का बारीक अक्षर काढू लागली. मुंगीएवढं. पंतोजी ओरडायचे, "काय हे, डोळे फोडतेस का माझे?" ती मान खाली घालून आणखी बारीक लिहायची.

म्हातारा दिवाळीनंतर आला. वही मागितली. त्याला उर्दूची सवय, त्यामुळं तो वही उलटीकडून, मागच्या बाजूनं उघडायचा आणि कोरी पानं उलटत उलटत जिथं अक्षर लागेल तिथं थांबायचा. बरोबर मध्यावर थांबला. "अर्धी झाली," म्हणाला. संक्रांतीनंतर पुन्हा आला, पुन्हा तसंच. "अजून अर्धीच?" शिमग्याला आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी होती. "इवाई, पोरगी मठ्ठ हाय का वो?" आबा ओशाळले. आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्यादेखत पंतोजींना फैलावर घेतलं. बिचारे पंतोजी! माय चुलीपुढं पदरात तोंड खुपसून हसत होती. मलाही हसू आवरत नव्हतं. कशाचं एवढं हसू आलं होतं देव जाणे. आम्हाला वाटलं, हे असंच चालणार. म्हातारा कंटाळेल, नाहीतर मरेल, नाहीतर त्याच्या पोराला हैदराबादेत कुणीतरी दुसरी मिळेल. मायनं तसा नवसही बोलून ठेवला होता.

पण मायची एक खोड होती, आणि तिनंच घात केला. ताव दुमडला की त्याच्या तोंडाला, म्हणजे अलीकडच्या पानाच्या कोपऱ्यांना, हळदीकुंकू लावल्याशिवाय ती तो वहीत घालायची नाही. म्हाताऱ्यानं वही आणताना पूजा करून पहिल्या आणि शेवटच्या पानाला बोटं लावली होती, तशी रीतच आहे. मायनं मात्र वाढवलेल्या हरेक तावाला लावली. म्हातारा वही मागून उघडून मध्यावरच थांबायचा, म्हणून ती त्याला कधी दिसली नव्हती. अक्का तिला किती वेळा म्हणाली, "माय गं, नगं लावू. दिसतंय ते." मायचं उत्तर ठरलेलं. "सवाष्ण लेकीची वही, आन् त्यात बिनकुकवाचा ताव घालू? जीभ झडंल माझी बोलताना." अक्का पुढचा ताव दुमडायला घ्यायची. माय घरभर फसवाफसवी करत होती, पण तेवढं एक तिच्यानं होईना. दर तावाला बोट बुडवून, डोळे मिटून, काहीतरी पुटपुटून कुंकू. मला वाटतं, ते ती अक्काच्या नवऱ्याच्या आयुष्यासाठीच पुटपुटत असणार. ज्या घरात लेक जाऊ नये म्हणून ती पानं जोडत होती, त्याच घरच्या धन्यासाठी.

उन्हाळ्यात म्हातारा आला तो आल्या आल्याच म्हणाला, "सुनबाईला बोलवा. वाचून दावू द्या. पयल्या पानापास्नं."

अक्का डोक्यावरून पदर घेऊन ओसरीच्या कडेला बसली आणि वाचू लागली. खणखणीत वाचत होती. म्हातारा आधी मान डोलवत होता, मग जवळ सरकला, आणि ती पान उलटेल तसा वहीत बघू लागला. मी दाराआडून बघत होते. पान उलटलं, कोपऱ्यात लाल बोट. आणखी एक, परत लाल बोट. मध्याजवळची तर अजून ताजी, ओली वाटावीत अशी.

"थांब," म्हातारा म्हणाला. "हे काय?"

"कुकू," अक्का म्हणाली.

"ते दिसतंय मला. वही म्या पुजून आणली व्हती. पयल्या पानाला आन् शेवटच्याला, माझ्या हातानं लावलं. मधल्या पानांला कुनी लावलं? आन् कशापायी?"

त्यानं वही ओढून घेतली, मध्यावर उघडली, शिवणीवर बोट फिरवलं. नवा मेणाचा दोरा, सैल झालेली भोकं. मूर्ख नव्हता तो. त्यानं वही हातावर तोलली, आणि आबांकडं बघितलं.

"पाटील, आमाला येडं समजता व्हय?"

आबांना खरंच काही कळेना. ते एकदा वहीकडं, एकदा आतल्या दाराकडं बघत राहिले. मग कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. त्यांनी डोईचं पागोटं काढलं आणि म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं. माझे आबा, गावचे पाटील.

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सुपारी कातरत बसला. "थोरली धाडायची नसंल तर तसं सांगा," म्हणाला. "जुलूम न्हाई. ठिवा तिला घरात. धाकटी हाय की तुमची. धाकटी बी चालंल आमाला." आणि त्यानं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. बाजारात कालवड बघतात तसं.

अक्कानं ते बघितलं. तिनं वही म्हाताऱ्याच्या पुढ्यातून उचलली आणि माजघरात आली. दौत घेतली, बोरू घेतला, बसली आणि लिहू लागली. इतके दिवस मुंगीएवढं लिहिणारी अक्का आता पान भरून एकेक अक्षर काढत होती. क. पान उलटलं. का. पान उलटलं. शाई वाळायचीसुद्धा वाट बघेना, समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटत होती. माय धावत आली, तिचा हात धरला, "अगं ए, काय करतीस? सोड!" अक्कानं हात झटकून टाकला. मायशी असं ती कधी वागली नव्हती.

मी दुसरा बोरू उचलला. मला वाटलं मदत करावी. "तू हात लावू नगंस," अक्का म्हणाली, आणि असल्या आवाजात, की मी बोरू टाकून दिला. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाली, "त्यानं तुझ्याकडं बघितलं ना, म्हणून. तू न्हाई जायचं तिथं." मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नगंस, शाईत पाणी पडंल."

मायनं इतके महिने वाढवत नेलेला तो कोरा गठ्ठा ऊन उतरायच्या आत संपला. शेवटच्या पानावर म्हाताऱ्याचं कुंकू होतं, त्यावरच तिनं अक्षर काढलं आणि वही ओसरीवर नेऊन ठेवली. म्हाताऱ्यानं ती मागून उघडली, एकदाच चाळली. "भरली," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. माय गाडीमागं वेशीपर्यंत गेली आणि तिथंच धुळीत बसून राहिली. आयाबायांनी उचलून आणली तिला. "माझ्याच बोटानं गं, माझ्याच बोटानं," एवढंच म्हणत होती. मायला आबांनी रागानं मारलं असतं तरी चाललं असतं, पण ते तिच्याशी बोलेनासेच झाले.

अक्का पुढच्या पंचमीला आली. आबाच जाऊन, हातापाया पडून घेऊन आले. बायका फेर धरून नाचत होत्या, झोके बांधले होते, आणि अक्का झोपली होती. आली तशी झोपली. जेवायला उठवलं की जेवायची, आणि तिथंच ताटावर पेंगायची. मी तिला विचारायचं म्हणून किती तरी साठवून ठेवलं होतं, पण तिला जागं करायचा धीर होईना. तिच्या हाताकडं मात्र बघितलं. माय तिचे पाय चेपत बसायची आणि कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या परत मनगटावर आणायची. जाताना अक्का म्हणाली, "माय, चार दिस अजून ऱ्हाऊ का?" आबांनी खाली बघितलं. गाडी जुंपलेलीच होती.

त्या थंडीत तापानं ती गेली. आम्हाला निरोप आला तो दहावं झाल्यावर.

माय रडली नाही. लोकांना वाटलं बाई दगडाची आहे. ती देव्हाऱ्यापुढं जाईना, कुंकू लावायला हात उचलेना. आरशापुढं धरून मीच तिच्या कपाळाला लावायची, आबा जिवंत होते म्हणून लावायचं. मला राग यायचा. कुणाचा ते समजत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा यायचा. म्हाताऱ्याचा, त्या हैदराबादच्या न बघितलेल्या माणसाचा, आबांचा, मायच्या देवभोळेपणाचा. अक्काचासुद्धा. एवढ्या लवकर का भरलीस गं? दोन दिवस तरी घ्यायचेस.

वर्षसुद्धा झालं नसेल, म्हातारा पुन्हा ओसरीवर. खाली बघून बोलत होता या वेळी. पोराला घर पाहिजे, घराला बाईमाणूस पाहिजे, आणि दोन घरांचं नातं कशाला तोडायचं. अशी रीतच होती आमच्यात, थोरली गेली की धाकटी देतात. सगळ्यांना माहीत होतं तो कशाला आलाय.

आबा पागोट्याची कड चाचपत होते. मला वाटलं, आता म्हणतील नाही. या वेळी तरी म्हणतील.

तेवढ्यात आतून माय बोलली. परपुरुषापुढं कधी आवाज न काढणारी माझी माय दाराआडून म्हणाली, "इवाई, हिलाबी वही आणा. जाड बघून आणा. ल्हान हाय ती, तिला काय येत न्हाई. शिकू द्या. भरली की धाडते." हट्टानं बोलत होती. मला भिंतीशी धरून ठेवलं होतं तिनं, तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

म्हाताऱ्यानं आबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. सोयरीक मोडायची नाही, मानही राहील, असं काहीतरी एकदम हाताला लागावं तसे ते म्हणाले, "छे छे, वही कशाला? हिला समदं येतंय की. थोरलीच्या शेजारी बसून शिकली. पंतोजी म्हणायचे, थोरलीपरास हुशार हाय ही."

म्हातारा म्हणाला, "मग थांबायचं कशाला?"

मायची बोटं सुटली. पुढच्याच महिन्यात मी या घरात आले. आबांनी माझं कौतुक केलेलं मला आठवतं ते तेवढं एकदाच.